आईने सांगितल्याप्रमाणे

फायलीत कागद एकसष्ट होते. शिवकन्येने ते बी मोजतात तसे मोजले, तीन ढीग करून. विमा कंपनीने मुकाट्याने मान्य केलेले बावीस, हे उगवलेले. मान्य करून वर शंका काढलेले आठ, हे वाकडे उगवलेले. आणि पाठवले, पोच आली, पण पुढे त्यांचं काय झालं हे कोणालाच सांगता येईना असे एकतीस, हे मेलेले. म्हणजे उगवण छत्तीस टक्के. सोयाबीनचा असा लॉट टेबलावर आला असता तर तिने दुसऱ्यांदा न बघता नापास केला असता.

नापास करणं हेच तिचं काम होतं. जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत ती चार वर्षं बी मोजत होती. प्रत्येक लॉटचे चारशे दाणे घ्यायचे, शंभर-शंभर करून ओल्या कागदात गुंडाळायचे, आठव्या दिवशी गुंडाळी उलगडायची आणि रोपं मोजायची. नीट किती, वाकडी किती, कुजलेली किती. सत्तर टक्के उगवलं तर सोयाबीन पास, एकोणसत्तरला नापास. मागच्याच आठवड्यात कंपनीसाठी बी पिकवणाऱ्या वडीगोद्रीच्या संपतरावांचा लॉट एकोणसत्तरवर अडला होता. त्यांनी फोन करून विचारलं होतं, "म्याडम, एका टक्क्यानं असं काय आभाळ कोसळून राह्यलं?" तिने सांगितलं होतं की रेघ कुठंतरी ओढावीच लागते, दादा. संपतराव म्हणाले होते, "तुम्ही वढता, आमी वलांडतो, एवढंच."

मोजणीचं टेबल कमरेइतकं उंच होतं आणि त्यावर तासन्‌तास वाकावं लागे. खरी गोष्ट इथूनच सुरू होते. शिवकन्येची छाती आठवीत असल्यापासून तिच्या बाकीच्या अंगाच्या मानाने फार जड होती. उंची पाच फूट एक इंच, वजन अठ्ठावन्न किलो आणि त्यात हा भार पुढे लोंबकळलेला. खांद्यांवर पट्ट्यांचे दोन चर पडले होते. एकदा दार लावून तिने ते कॅलिपरने मोजले होते, उजवा सहा मिलिमीटर, डावा सात. मार्च ते जून छातीखालची कातडी सोलून निघायची. हे सगळं तिने सोसलं असतं, कारण सोसायची सवय होती. पण मागच्या दिवाळीपासून तिसऱ्या शंभरावर आलं की उजव्या हाताची दोन बोटं बधिर होऊ लागली. बधिर बोटांना रोप एक उचललं की दोन, ते कळत नाही. दोनदा मोजणी चुकली. त्यानंतर वरिष्ठांनी तिच्या गुंडाळ्या दुसऱ्याकडून फेरमोजायला लावल्या. तिला ते तोंडात मारल्यासारखं लागलं. जिची मोजणी दुसऱ्याने तपासावी लागते ती त्या टेबलावर किती दिवस राहणार, हे हिशेब न करताही कळत होतं.

संभाजीनगरला सुमेधामॅडम नावाच्या सर्जन होत्या. त्यांनी मान, पाठ, हात सगळं तपासलं, एमआरआय पाहिला आणि सरळ सांगितलं की मणक्याला काही झालेलं नाही, मणक्यावर जे लटकलंय ते कमी करायला हवं. ऑपरेशन मोठं, पण नवलाईचं नाही. खर्च दोन लाखांच्या वर. शिवकन्येचा पगार एकोणीस हजार. पण कंपनीचा सामूहिक आरोग्य विमा होता, पाच लाखांचा, आणि त्यासाठी पगारातून दर महिन्याला कापून जात होतं. तो होता म्हणूनच तिने मॅडमना हो म्हटलं.

कंपनीत विम्याचं काम अंगद बघायचा. सज्जन मुलगा, तिच्याच वयाचा. त्याने अर्ज वाचला, कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला आणि कागदाकडेच बघत म्हणाला, "मॅडम, तुमचं ते... प्लास्टिक सर्जरीत येतं. आपल्या पॉलिसीत प्लास्टिक न्हाई." तिने समजावलं की प्लास्टिक सर्जन करतो म्हणून काही ते नटण्यासाठी होत नाही, भाजलेल्या माणसालाही तोच डॉक्टर लागतो. अंगदने मान डोलावली, अर्ज पाठवला, आणि नवव्या दिवशी उत्तर आलं. सौंदर्यविषयक उपचार, सबब नामंजूर. दोन ओळी. त्यातल्या एका ओळीत तिचं नाव चुकलेलं.

तिथून पुढे सहा महिने गेले. ते कसे गेले हे त्या एकसष्ट कागदांना विचारावं. हेल्पलाइनला फोन केला की आधी सतरा मिनिटं बासरी ऐकायची, मग जे कोणी उचलेल त्याला सगळं पहिल्यापासून सांगायचं. तिने वहीत लिहून ठेवलं होतं, बावीस फोन, एकोणीस वेगवेगळी माणसं. एका गृहस्थाने मायेने सल्ला दिला की ताई, आधी वजन कमी करून बघा. तिने तेही करून पाहिलं. चार महिन्यांत सहा किलो उतरलं. चेहरा उतरला, मनगटं उतरली, चपलेचा पट्टा सैल झाला. छातीचं माप अर्धा सेंटिमीटर कमी झालं, आणि अर्ध्या सेंटिमीटरची चूक तर टेपचीच असते. तिने तक्ता काढून पाठवला. तो कागद मेलेल्यांत आहे.

मग फोटो मागवले. समोरून, दोन्ही बाजूंनी, शेजारी मोजपट्टी धरून. ते कुठे पाठवायचे, तर पॉलिसी बियाणे कंपनीच्या नावावर, म्हणून पत्रव्यवहार कंपनीमार्फतच. म्हणजे अंगदच्या मेलवर. तो बिचारा स्वतःच येऊन म्हणाला की मॅडम, मला नका पाठवू, माझा मेल तिघं उघडतात. शिवकन्येने लिहून विचारलं की थेट पाठवता येईल का. उत्तर आलं, फोटो अप्राप्त असल्याने प्रकरण बंद करण्यात येत आहे. शेवटी सुमेधामॅडमनी हॉस्पिटलच्या खात्यातून ते पाठवले आणि प्रकरण पुन्हा उघडलं. नव्या नंबराने. नवा नंबर म्हणजे पंधरा दिवसांची मुदत पुन्हा पहिल्या दिवसापासून.

तिसऱ्या अपिलानंतर मात्र एक पत्र आलं ज्यात प्रथमच काही नेमकं लिहिलेलं होतं. दोन अटी होत्या. पहिली, या तक्रारीसाठी किमान एक वर्ष उपचार घेतल्याची त्या-त्या वेळची नोंद हवी. दुसरी, दोन्ही बाजूंनी प्रत्येकी किमान पाचशे ग्रॅम भाग निघायला हवा, पॅथॉलॉजीच्या अहवालातल्या वजनाप्रमाणे. त्याहून कमी भरल्यास शस्त्रक्रिया सौंदर्यविषयक धरली जाईल आणि संपूर्ण दावा अमान्य होईल. शिवकन्येला ते पत्र वाचून जवळजवळ बरं वाटलं. आकडा दिला की तिला माणसं समजायची.

पहिली अट सोपी होती असं तिला वाटलं. आठवीपासून आई तिला टेंभुर्णीतल्या रामकिसन डॉक्टरांकडेच नेत आली होती. कातडी सोललेली, मान धरलेली, पाठ भरून आलेली, दर दोन-तीन महिन्यांनी एक खेप. रामकिसन डॉक्टर एकही रुग्ण नोंदीशिवाय सोडत नसत. लाल कापडी पुठ्ठ्याची रजिस्टरं, दर वर्षाचं एक, कपाटात ओळीने लावलेली. वर्षाची नोंद मागताय, तेरा वर्षांची देते, असं मनात म्हणत ती रविवारी गावाकडे गेली.

डॉक्टरांनी पान न शोधता काढून दिलं, इतकी त्यांची नोंद चोख. तारीख, नाव, वय. तक्रारीच्या रकान्यात लिहिलेलं होतं, "आईने सांगितल्याप्रमाणे." पुढे मलमाचं नाव. दुसरी खेप, "आईने सांगितल्याप्रमाणे." तिसरी, तेच. तिने सगळी रजिस्टरं काढून घेतली आणि बाकावर बसून मोजलं. तेरा वर्षांत त्रेपन्न खेपा. त्रेपन्नही वेळा आईने सांगितल्याप्रमाणे.

ती स्वतःच्या नावापुरतं बघून थांबू शकली असती, पण तिचा तो स्वभाव नव्हता. तिने तिथंच एका वर्षाच्या सगळ्या बायकांच्या नोंदी चाळल्या. कुठं "सासूने सांगितल्याप्रमाणे", कुठं "जावेने सांगितल्याप्रमाणे", एका ठिकाणी "स्वतः, पण सासू बाहेर गेल्यावर." निम्मं गाव असं कोणी ना कोणी सांगितल्याप्रमाणे आजारी होतं.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. रजिस्टर टेबलावर उघडं असतं, ते म्हणाले. कंपाउंडर भावकीतला, समोर चहा प्यायला बसलेली माणसं भावकीतली. येणारा-जाणारा पान उलटून बघतो की आज कोण कोण आलं. "बाईमाणसाचं दुखणं तिथं लिवलं आसतं तर दुसऱ्या दिवशी पारावर गेलं आसतं. मंग बाया दवाखान्यातच आल्या नसत्या. मला ध्यानात राह्यचं, कागदाला कशाला सांगायचं?" त्यांनी तिला लगेच दाखला लिहून दिला, सगळं स्पष्ट, सही-शिक्क्यासकट. शिवकन्येला त्यांचा राग आला आणि तो धरून ठेवता येईना. माणूस खोटं बोलला नव्हता. त्याने रकाना रिकामासुद्धा सोडला नव्हता.

दाखला आणि त्रेपन्न नोंदींच्या नकला तिने पाठवल्या. बाराव्या दिवशी उत्तर आलं. आज दिलेला दाखला ही त्या वेळची नोंद नव्हे. जुन्या नोंदी ग्राह्य धरता येतील, तथापि आईने काय सांगितले याचा खुलासा नसल्याने, संबंधित आईचे नोटरीसमोर केलेले प्रतिज्ञापत्र सादर करावे.

संबंधित आई म्हणजे चतुराबाई. कपाशी वेचताना पंधरा बायकांना बोलण्यात गार करणारी ही बाई एका बाबतीत मुकी होती. तिच्या भाषेत त्या अवयवाला नावच नव्हतं. लहानपणी "ते झाक", मोठेपणी "तुजं ते". विम्याचं सगळं प्रकरण तिला ठाऊक होतं, पण घरात बापाला "पाठीचं ऑपरेशन" एवढंच सांगितलेलं, आणि शेजारी तेही नाही. शिवकन्येने पत्र वाचून दाखवलं. चतुराबाई चुलीपुढून उठली नाही. भाकरी थापता थापता तिने विचारलं की डॉक्टरच्या दाखल्यानं का भागत न्हाई. मग विचारलं की तूच माझ्या नावानं सही ठोकून दे, कोण बघायला बसलंय. मग पुढची भाकरी तव्यावर टाकली.

शिवकन्या चिडली. सहा महिन्यांचा सगळा राग, बासरीचा, बावीस फोनांचा, नाव चुकलेल्या पत्राचा, तो तिथं बाहेर पडला. तेरा वर्षं तू मला दवाखान्यात नेलंस, ती म्हणाली, आणि तेरा वर्षांत एक शब्द कागदावर लिहून घेतला नाहीस. घेतला असतास तर आज माझं ऑपरेशन होऊन गेलं असतं.

चतुराबाईने भाकरी उलटली. "डॉक्टर लिवत व्हते," ती म्हणाली. "पहिल्या खेपेलाच लिवाया लागले व्हते. मी हात धरला त्यांचा. म्हणलं, पोरीच्या जातीचं हाये, लिवू नका. तवापासून त्यांनी सगळ्या बायांचं तसंच केलं."

म्हणजे तो रकाना डॉक्टरांचा नव्हता, तिच्या आईचा होता.

बुधवारी दोघी जाफराबादला तहसीलला गेल्या. आवारात लिंबाखाली मच्छिंद्र नावाचा माणूस लॅपटॉप आणि प्रिंटर घेऊन बसायचा आणि प्रतिज्ञापत्रं टाइप करून द्यायचा. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आलेले चार-पाच बाप्ये मागं उभे होते. मच्छिंद्रने नाव, वय, गाव भराभर टाइप केलं आणि विचारलं की मजकूर काय. शिवकन्या सांगायला पुढे झाली तर चतुराबाईने तिचा दंड धरून मागे सारलं. "तू गप. कागदावर माजं नाव हाये."

ती म्हणाली की पोरीला लहानपणापासून त्रास आहे, असं लिहा. मच्छिंद्र म्हणाला, "मावशी, नुसता त्रास म्हणलं की नोटरीसाहेब कागद वापस फेकतेत. कसला त्रास ते बराबर यायला पायजे."

"वरचा."

"वरचा म्हंजी? डोक्याचा?"

मागं कोणीतरी हसलं. एकाने सुचवलं की डोक्याचाच असणार, शिकलेली दिसतीय. चतुराबाईने वळून त्या माणसाकडे पाहिलं, चांगलं ओळख पटेपर्यंत पाहिलं, आणि पुन्हा मच्छिंद्रकडे तोंड केलं. पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि शेतात हाक मारतात त्या आवाजात सांगायला सुरुवात केली.

"लिव. माज्या लेकीची थानं लई जड हायेत. आठवीत व्हती तवापासून. त्या वझ्यानं तिची मान धरती, पाठ धरती, हाताला मुंग्या येतेत. खालची कातडी उन्हाळाभर सोलती, मी सोता मलम लावलंय. हे मी डॉक्टरला येळोयेळी सांगितलं. त्यांनी लिवलं न्हाई कारण मीच लिवू नका म्हणले. चूक माजी हाये, पोरीची न्हाई आन डॉक्टरची न्हाई. लिवलं का?"

मच्छिंद्रची बोटं चालत होती, मान खाली. थोड्या वेळाने त्याने हळूच विचारलं, "दोन्ही?"

"दोन्ही."

परत येताना एसटीत चतुराबाईने खिडकी धरली आणि टेंभुर्णीपर्यंत बाहेरच बघितलं. उतरताना फक्त एवढंच म्हणाली की त्या मच्छिंद्रनं अक्षर चांगलं काढलं.

प्रतिज्ञापत्र गेलं आणि अठराव्या दिवशी पहिली अट पूर्ण झाल्याचं पत्र आलं. तात्पुरती मंजुरी. अंतिम निर्णय वजनानंतर.

आता प्रश्न उरला पाचशे ग्रॅमचा. सुमेधामॅडम म्हणाल्या होत्या की माझ्या अंदाजाने भरतील. शिवकन्येने विचारलं होतं की अंदाज कशावरून, तर मॅडम हसून म्हणाल्या, डोळ्यांवरून, वीस वर्षं बघतेय. डोळ्यांवरून शिवकन्या बाजरीसुद्धा मोजत नसे. तिने प्रयोगशाळेतून दोन लिटरचा मोजनळा मागून घेतला आणि पुढच्या रविवारी न्हाणीघरात आईला सोबत घेतलं. परातीत बादली, बादली काठोकाठ भरलेली. एका बाजूने वाकून छाती पाण्यात पूर्ण बुडवायची, जेवढं पाणी सांडेल तेवढं परातीतून मोजनळ्यात ओतायचं. प्रत्येक बाजूला चार वेळा, चार शंभरांसारखं.

चतुराबाई परात धरून बसली. पहिल्या वेळी ती भिंतीकडे तोंड करून होती. दुसऱ्या वेळी पाणी परातीबाहेर गेलं म्हणून तिला वळून बघावंच लागलं. चौथ्या वेळेपर्यंत तीच सांगू लागली होती की आणखी खाली वाक, काठ टेकला न्हाई अजून. "म्हशीचं दूध मोजून राह्यल्यावाणी वाटतंय," ती म्हणाली, आणि दोघींनाही हसू आवरेना. पाणी हिंदकळलं म्हणून ते माप बाद करून पुन्हा घ्यावं लागलं.

डावी बाजू ११८०, १२०५, ११९०, ११८५. सरासरी ११९० मिलिलिटर. उजवी बाजू १०६०, १०३५, १०५०, १०५५. सरासरी १०५०. फरक एकशे चाळीस. हा फरक डोळ्यांना दिसत नव्हता.

आकडे घेऊन ती मॅडमकडे गेली. मॅडमनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाल्या की असलं कोणी करून आणल्याचं मला आठवत नाही. मग दोघींनी मिळून हिशेब मांडला. तिच्या उंचीला आणि खांद्याला झेपेल असं, आणि रक्तपुरवठा सांभाळून, प्रत्येक बाजूला सव्वापाचशे ते साडेपाचशे मिलिलिटर ठेवायचे. चरबी पाण्याहून हलकी, म्हणून मिलिलिटरांतून पाचेक टक्के वजा. डावीकडून सहाशे ग्रॅमच्या वर सहज निघतील. उजवीकडून चारशे पंचाहत्तर ते पाचशे. पाचशेची रेघ उजव्या बाजूच्या अगदी टोकावर येत होती.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "आणखी वीस-तीस ग्रॅम काढले तर आकडा भरेल," त्या म्हणाल्या. "धोका फार नाही वाढणार. पण थोडा वाढेल, आणि दोन्ही बाजू सारख्या राहणार नाहीत. तू सांग."

शिवकन्येला संपतराव आठवले. त्या एकोणसत्तरच्या लॉटच्या वेळी कंपनीतल्या एका साहेबाने तिला हळूच सुचवून पाहिलं होतं, की वाकड्यातली चार रोपं नीट धर, चारशेत चार म्हणजे एक टक्का, कोण बघतंय. तिने धरली नव्हती. त्या चार रोपांना ती अजून ओळखू शकली असती, एकाचं मूळ खुंटलेलं होतं, तिघांची पालवी फाटलेली. दोन लाख म्हणजे तिचे अकरा पगार. ते कुठून आणायचे याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं, आणि सहा महिने ज्यांच्याशी भांडली ते लोक एक ग्रॅमही सोडणार नाहीत हे तिला इतर कोणाहीपेक्षा चांगलं कळत होतं. त्यांच्या जागी असती तर तिनेही सोडला नसता.

"आकड्यासाठी कापू नका," ती म्हणाली. "जेवढं निघायला पाहिजे तेवढंच काढा. आणि लगेच वजन करा, वाळायच्या आत."

मॅडमनी ते शेवटचं वाक्य कागदावर लिहून घेतलं.

ऑपरेशन एका मंगळवारी झालं, साडेतीन तास. सातव्या दिवशी पट्ट्या बदलताना शिवकन्या पलंगावर बसली होती आणि सवयीने खांदे पुढे काढून बसल्यावर तिला तोल गेल्यासारखं वाटलं, कारण पुढे ओढणारं काही उरलं नव्हतं. तिने उजव्या हाताची बोटं एक-एक करून अंगठ्याला टेकवून पाहिली. नर्सने पॅथॉलॉजीचा अहवाल आणून दिला आणि सांगितलं की एक प्रत विमा कंपनीला सकाळीच गेली आहे.

वॉर्डात आठ पलंग होते आणि भेटीची वेळ होती. शेजारच्या बाईची सून, तिचा भाऊ, डबा घेऊन आलेले म्हातारबुवा, सगळे इकडेच बघत होते. शिवकन्या अहवाल मनात वाचू लागली. चतुराबाई स्टुलावरून उठून पलंगाजवळ आली.

"मनात नको," ती म्हणाली. "मोठ्यानं वाच. मलाबी ऐकू दे."

शिवकन्येने वाचलं.

"स्तनाचा भाग, डावी बाजू, सहाशे चोवीस ग्रॅम. स्तनाचा भाग, उजवी बाजू, चारशे एक्याण्णव ग्रॅम."